कुडा आणि पाले, एवढंच करा

प्रिय मुली,

तुम्हा मित्रमैत्रिणींचा बेत वाचला. शनिवारी सकाळी रायगडातली कुड्याची बौद्ध लेणी, दुपारी महाडजवळची गांधारपाले, रविवारी पन्हाळेकाजी आणि जमलं तर हर्णैचा मासळीबाजार. वाचून फार बरं वाटलं. तरी सांगते, पन्हाळेकाजी यातून काढा. तिथे २९ लेणी आहेत आणि हीनयान, वज्रयान हे बौद्ध पंथ, मग थेट नाथपंथ असा हजार वर्षांचा पसारा आहे. त्याला वेगळी सवड काढून जा. यावेळी कुडा आणि पाले, एवढंच.

कुड्यासाठी माणगावला उतरा, तिथून तळा गावाच्या बाजूने गाडी करा. चढ फारसा नाही. वर पोचलात की लेण्यांत शिरण्याआधी खाली राजपुरीची खाडी बघून घ्या. या आडबाजूच्या डोंगरात २६ लेणी का कोरली, ते तिथे कळतं. खाडीकाठचं मांदाड म्हणजेच ग्रीकांच्या लिखाणातलं मंदगोरा बंदर, असं काही अभ्यासक मानतात. माल इथे उतरायचा आणि घाट चढून देशावर जायचा. त्या वाटेवर पैसा होता, म्हणून दान होतं, आणि दान होतं म्हणून भिक्खूंना पावसाळ्यात राहायला या ओवऱ्या, म्हणजे कातळात कोरलेल्या खोल्या, मिळाल्या.

मग शिलालेख बघा. माझा खरा आग्रह यासाठीच आहे. मूर्तींचे फोटो सगळेच काढतात, लेखांपाशी कोणी थांबत नाही. कुड्याच्या दात्यांमध्ये एक वैद्य आहे, एक माळी आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. सहाव्या लेण्यात तर अख्खं कुटुंब भेटतं. महाभोज, म्हणजे इथला स्थानिक सत्ताधीश, मांदव खंदपालित याच्या पदरी असलेल्या लेखक शिवभूतीचा धाकटा भाऊ शिवम, त्याची बायको विजया, त्यांचे मुलगे, मुली. मुलींच्या नावावर खांबांचं दान आहे. जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वी आपल्या कोकणातल्या मुलींची नावं दगडात कोरली गेली, ती तुम्ही आपल्या डोळ्यांनी पाहावीत असं मला मनापासून वाटतं.

अक्षरं समोरून उजेड टाकला तर दिसत नाहीत. मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. खाचांत सावली भरते आणि एकेक अक्षर उठून येतं. हे लेख ब्राह्मी या जुन्या लिपीत आहेत. तिच्यातला क अधिकच्या चिन्हासारखा, ठ पूर्ण वर्तुळासारखा. अशी सातआठ अक्षरं आधी वहीत गिरवून जा, म्हणजे भिंत अनोळखी वाटणार नाही. अक्षरांवरून बोट फिरवू नका. खडू तर मुळीच लावायचा नाही, कुणी लावत असेल तर त्यालाही अडवा. चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, स्तूपाला टेकून फोटो नकोत, स्पीकर नको. आजही तिथे हात जोडायला माणसं येतात.

जेवणाचं म्हणशील तर जवळपासच्या गावात आदल्या दिवशी कळवून ठेवा. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मिळालं की झालं. सांगतील ते पैसे द्या, घासाघीस करू नका. पाणी मात्र भरपूर बरोबर घ्या, आणि जायचं ते दिवाळीनंतर. पावसाळ्यात त्या कातळावर शेवाळ धरतं, पाय ठरत नाही.

रात्री महाडला मुक्काम करा आणि सकाळी उन्हं चढायच्या आत पाले गाठा. लेणी मुंबई-गोवा महामार्गालगतच आहेत. तिथल्या लेखात कुमार काणभोअ विष्णुपालिताने लेणं, भिक्खूंच्या ओवऱ्या, पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळात खोदलेली टाकी, आणि लेण्याकडे येणारी वाट दान दिल्याचं नोंदलं आहे. पाण्याचं दान! हे डोक्यात ठेवून खाली उतरा आणि तसेच महाडच्या चवदार तळ्यावर जा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांबरोबर त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ज्या डोंगरात एका राजपुत्राने भिक्खूंसाठी पोढी खोदवल्या, त्याच्या पायथ्याच्या गावात माणसांना सार्वजनिक तळ्याचं पाणी नाकारलं जात होतं. हे दोन्ही एकाच सकाळी बघा. तुमच्यातल्या कुणाच्या घरी याच्या आठवणी असतील, कुणाच्या घरी हा विषय कधी निघालाही नसेल. तळ्याच्या काठावर बसून त्याबद्दल बोला. ज्याच्या घरचं आहे त्याला आधी बोलू द्या, मध्ये तोडू नका.

खर्चाचं निघण्यापूर्वीच ठरवा आणि एकाकडेच पैसे जमा करा. ज्याला परवडत नाही त्याला ते सगळ्यांदेखत सांगावं लागू नये, म्हणून गाडीचा आणि खोलीचा आकडा तूच आधी एकेकाशी बोलून कमी बसव.

परतीला वीर स्टेशन जवळ पडेल. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक बघूनच तिकिटं काढ. तारीख ठरली की कळव, कुड्याच्या लेखांचं वाचन मी माझ्या वहीतून उतरवून पाठवते.

तुझी,
बाई