"मॅडम, माझ्यात विलपॉवरच नाही हो"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं सगळं मला आधीच कळतं. जिमची वर्षाची फी भरलेली असते, शूज घेतलेले असतात, मोबाईलमध्ये पावलं मोजणारं अॅप असतं, आणि महिन्याभरात सगळं बंद. मग माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. आठवड्याला असं कोणीतरी येतंच, म्हणून एका केसबद्दल लिहितेय, अर्थात ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

पन्नाशी ओलांडलेल्या बाई, कोथरूडच्या, बँकेतून व्हीआरएस घेतलेली, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 6.2, म्हणजे डायबेटीस नाही पण दारात उभा. डॉक्टर म्हणाले चालायला लागा. नवऱ्याने हौसेने स्मार्टवॉच आणलं, ते कपाटात. आणि घरातले सगळे एकच सांगतात, आता तरी स्वतःसाठी वेळ काढ.

मी विचारलं, "मुलीच्या दहावीला किती वाजता उठायचात?"

"साडेचार. चहा करून द्यायचा आणि जवळ बसून राहायचं, नाहीतर ती परत झोपायची."

"कंटाळा यायचा?"

"यायचा की. पण उठायचेच."

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्यासाठी जमतं मला. स्वतःसाठी म्हटलं की पायच उचलत नाहीत."

आता इथे बरेच जण म्हणतील की हेच तर बदलायला हवं, स्वतःवर प्रेम करायला शिका वगैरे. मला नाही पटत. माझा कल ॲडलरकडे आहे, 1911 मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्यापासून वेगळा झालेला व्हिएन्नाचा डॉक्टर, माणूस मनाने किती निरोगी आहे हे तो इतरांशी किती जोडलेला आहे यावरून बघायचा. तीस वर्षं जी बाई दुसऱ्यासाठी उठली तिची ती सवय मोडत बसण्यापेक्षा ती घराबाहेर वळवावी असं मला वाटतं. मी त्यांना लंडनच्या गुडजिमबद्दल सांगितलं. तिथे लोक पळत पळत एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांच्या घरी जातात, गप्पा मारतात, पळत परत येतात, आणि त्या आजीआजोबांना म्हणतात कोच! कारण ते वाट बघत असतात म्हणून पळणारा घराबाहेर पडतो. बाई हसल्या, "म्हणजे मला कोच हवाय, ट्रेनर नाही."

कोच मिळाला वेताळ टेकडीवर. उन्हाळ्यात तिथे सकाळी फिरायला येणारे लोक लहान झाडांना पाणी वाहून नेतात, अशाच एका ग्रुपमध्ये त्या गेल्या. गुडघ्यामुळे आधी नुसती लिटरची बाटली, मग पाच लिटरचा तेलाचा धुतलेला कॅन, त्याची मूठ बोटांना काचते म्हणून जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळलेली. त्यांच्या वाटणीला एक बहावा आणि दोन कडुनिंब. पाणी आळ्यात हळूहळू सोडायचं, नाहीतर उतारावरून मुरुमावरून पळून जातं, हे मला त्यांनीच शिकवलं.

सगळं छान चाललंय असं वाटत असताना एकदा म्हणाल्या, रविवारी कंटाळा येतो, पहाटे चारला उठून पंचवीस जणांचा उपमा करायचा असतो ना. मी चाटच पडले. टेकडीवर जाऊन बाईंनी तिथेही स्वयंपाकघर उघडलं होतं!

"डबा बंद करा," मी म्हटलं.

"मग मला कोण विचारेल तिथे?"

हा प्रश्न विचारला आणि स्वतःच गप्प झाल्या. डोळे भरले. माझ्या मते खरी केस इथे उलगडली, टेकडीवर नाही. व्यायाम न टिकणं हे वरवरचं होतं, खाली ही भीती होती की आपण काही करून घातलं नाही तर आपली जागाच नाही. मी एवढंच म्हटलं, "बहाव्याला तुमचा उपमा लागत नाही, पाणी लागतं. आणि पाच किलो वजन घेऊन तुम्ही चढता हे ग्रुपला दिसतंय." पुढच्या रविवारी त्या रिकाम्या हाताने गेल्या. कोणीतरी शेंगदाण्याची चिक्की आणली आणि विषय संपला, त्यांनाच जरा अपमान वाटला म्हणे!

तुम्हाला असं काही करायचं असेल तर ग्रुप बघून निवडा. वेळ ठरलेली हवी, तुमच्या नावावर काहीतरी काम हवं, आणि तुम्ही आला नाहीत तर फोन करणारं कोणीतरी हवं. कामापेक्षा फोटो जास्त निघत असतील तर तिथे पाय टिकत नाही हा माझा अनुभव. दुसरं म्हणजे कचरा उचलणं किंवा पाणी घालणं थांबत थांबत होतं, त्यामुळे डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणते ती आठवड्याची मध्यम व्यायामाची किमान 150 मिनिटं त्यात आपोआप भरत नाहीत, आधी अर्धा तास झपझप चाला आणि मग कामाला लागा. वाकताना कंबरेतून नाही, गुडघ्यातून. एका हातात मोठा कॅन नेण्यापेक्षा दोन्ही हातात दोन लहान बरे. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि खिशात साखर ठेवा. आणि दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, टेकडी नंतर.

अजून एक. पहिला पाऊस पडला की पाणी घालायचं काम संपतं आणि बरेच ग्रुप तिथेच विस्कटतात, म्हणून पुढचं काम मे महिन्यातच ठरवून ठेवा. पावसाळ्यात प्लास्टिक गोळा करता येतं, पावसाळ्यानंतर रोपांभोवतीचं वाळलं गवत काढता येतं म्हणजे वणव्यात ती वाचतात, फक्त जागा वनखात्याची असेल तर त्यांना विचारून. या बाईंच्या ग्रुपने यंदा गवताचं काम घेतलंय आणि विळे कोणी आणायचे यावरून सध्या वाद चालू आहे. बाईंनी सांगून टाकलंय, माझा विळा मी आणेन, बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघा.