पहिलीच ड्रायव्हरकी: गाडी पगारावर धरावी की ट्रिपवर?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की हेवी लायसन्स नुकतंच निघालंय आणि दोन मालक तयार आहेत. एक दहाचाकी ट्रकवर १५,००० पगार आणि गाडी रस्त्यावर असेल त्या दिवसाचा ४०० भत्ता देतो. दुसरा जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याहून दिल्लीची जाऊन-येऊन ट्रिप ७,००० ला सांगतो, 'महिन्यात तीन आरामात होतात' म्हणतो, खाणं तुमचं. पहिलं वर्ष पगारावर काढा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सावदा-रावेर पट्ट्यातून दिल्ली साधारण ११०० किलोमीटर. घाट, गावं, टोल धरले तर भरलेली गाडी तासाला सरासरी ४५ च्या वर जात नाही. म्हणजे नुसतं स्टिअरिंगवर २४-२५ तास. कायद्याने ड्रायव्हरचं काम दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. एकट्याला जायलाच तीन दिवस लागले. भरायला एक, माल खाली करून परतीचं भाडं मिळेपर्यंत दोन, यायला तीन. झाले नऊ, आणि मंडीत रांग असली की दहा. तीन ट्रिपा म्हणजे महिनाभर घराचं तोंड बघायचं नाही. अडीच धरा, १७,५०० आले. पंचवीस दिवस बाहेरचं जेवण, चहा, आंघोळ रोजचे ३५० धरले तर ८,७५० गेले, हातात तेवढेच उरले. पगारवाल्याकडे तितक्याच दिवसांत १५,००० अधिक १०,००० भत्ता, वजा खाण्याचे ८,७५०, म्हणजे १६,२५०.

केळीची गाडी असेल तर 'किती तासांत पोहोचवायची' हे आधी विचारा. छत्तीस तास म्हणत असेल तर दुसरा ड्रायव्हर लागतोच; एकट्याला पाठवणारा मालक तुमच्या झोपेवर भाडं कमावतोय. उशिरामुळे माल पिकला आणि व्यापाऱ्याने भाडं कापलं, तर ते कोणाच्या खात्यावर, हेही तेव्हाच ठरवा.

नवा माणूस सगळ्यात जास्त मार खातो तो डिझेलच्या एव्हरेजमध्ये. समजा मालकाने ४ चा एव्हरेज, म्हणजे लिटरला ४ किलोमीटर, बांधून दिला. २,२०० किलोमीटरला ५५० लिटर. तुमच्या हातून ३.८ पडला की लागतात ५७९. वरचे २९ लिटर, ९० रुपयांच्या भावाने २,६१० रुपये हिशोबातून वजा. ७,००० च्या ट्रिपमध्ये उरलं काय? नव्या हाताला गिअर उशिरा बदलणं, विनाकारण रेस, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं, एवढ्यानेच ०.२ जातो. टायरमध्ये हवा कमी किंवा एअर फिल्टर चोंदलेला असेल तर तुमची चूक नसताना जातो. म्हणून पहिल्या तीन ट्रिपांचा एव्हरेज कापायचा नाही असं बोलून घ्या, आणि मोजणी टाकी फुल ते टाकी फुल अशीच. परतीला गाडी रिकामी आली की भरलेली, हेही हिशोबात धरलं पाहिजे.

ओव्हरलोडचं तोंडी आश्वासन काही कामाचं नाही. दहाचाकीचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून मंजूर वजन, एकूण २८.५ टन, आरसी बघून खात्री करा. त्यापुढे गेलं की २०,००० दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. रस्त्यावर पकडले जाता तुम्ही. डाळीच्या पोत्यांवर ही हाव जास्त होते. जळगावच्या पीव्हीसी पाईपात वजन कमी, पण रस्सी ढिली पडली की पाईप सरकतात. भरल्यावर पन्नासेक किलोमीटरवर थांबून रस्सी पुन्हा आवळायची. 'दंड मालकाचा' एवढी एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. देत नसेल तर उत्तर मिळालंच.

टायर, हवा, ऑईल बघणं, ताडपत्री बांधणं, नग मोजून घेणं, पोचपावतीवर सही-शिक्का आणणं हे ड्रायव्हरचं काम. पोती उचलणं नाही, आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, तुमच्या खिशातून तर मुळीच नाही. निघताना ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्यासाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत वाचा. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, दिल्लीला सहा दिवस. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपायच्या आत मालकाला फोन करा, ती वाढवता येते.

'आल्या आल्या एकटा जा' म्हणणाऱ्याची घाई समजून घ्या. इंदूरकडे शिरपूर, पळासनेरवरून निघालात की पुढे बिजासन घाट आहे, आणि तिथे उतारावर भरलेली गाडी सारखी ब्रेकवर धरली की ब्रेकचे लायनर तापून ब्रेक धरेनासा होतो. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग आवरणारा) चालू, ब्रेकच्या हवेचा काटा नजरेत, न्यूट्रल कधीच नाही. हे शेजारी जुना उस्ताद बसवून शिकायचं असतं. निदान दोन-तीन ट्रिपा त्याच्याबरोबर मागा. त्या काळात पगार थोडा कमी दिला तरी चालेल, भत्ता पूर्ण घ्या.

उचल जरूर घ्या, पण यूपीआयवर, म्हणजे हिशोबाच्या दिवशी वाद राहत नाही. मूळ लायसन्स आणि एटीएम कार्ड कुणाच्याही गल्ल्यात ठेवू नका. गाडीच्या विमा पॉलिसीत पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीचा हप्ता भरलाय का, तेही कागदावर बघा. वर्षाला ५० रुपयांचा तो मामला असतो. तेवढ्यासाठी मालक टाळाटाळ करत असेल तर पगार दोन हजारांनी जास्त असला तरी दुसरी गाडी बघा.