भावना दुखवल्या, की दुखावल्या?

म्हापशाहून एका वाचकाने विचारले आहे. देवीचे चित्र छापलेले टी-शर्ट विकायला आल्याबद्दल त्यांच्या वाड्यावरच्या मंडळाला पोलीस स्थानकात निवेदन द्यायचे आहे. मसुद्यात एकाने ‘आमच्या धार्मिक भावना दुखवल्या आहेत’ असे लिहिले. निवृत्त मास्तरांनी ते खोडून ‘दुखावल्या’ केले. टाइप करणाऱ्याने स्वतःच्या अधिकारात ‘दुखावल्या गेल्या’ करून टाकले. आता मंडळात निवेदनापेक्षा क्रियापदावरूनच वाद पेटला आहे. यातले शुद्ध कोणते?

चूक एकही नाही. तिसरे बोजड आहे, एवढेच. पण तिघांनी एकच गोष्ट लिहिली, असे मात्र समजू नका.

मूळ क्रियापद ‘दुखणे’. त्याचे प्रयोजक रूप ‘दुखवणे’ (किंवा ‘दुखविणे’), जसे हसणे-हसवणे, रडणे-रडवणे. दुखवायला कोणीतरी लागतो. ‘कुणाचे मन दुखवू नये’ हा उपदेश करणाऱ्याला असतो. ‘दुखावणे’ची बैठक वेगळी आहे. रागावणे, धास्तावणे, सुखावणे, थंडावणे, मंदावणे या घरातले ते आहे. या साऱ्यांत कुणी काही करत नाही, कर्त्याचे काहीतरी होते. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना खांदा दुखावतो. माडावरून उतरताना पाडेल्याचा गुडघा दुखावतो. कोणी दुखवला, असे तिथे आपण विचारत नाही.

हा पक्का नियम आहे असे मात्र कुणी म्हणू नये. धमकावणे, सुनावणे, बजावणे यांतही ‘आव’ आहे आणि ती सरळ सकर्मक आहेत. ‘उंचावणे’ दोन्ही बाजूंनी खेळते: भुवया उंचावल्या, त्याने भुवया उंचावल्या. ‘दुखावणे’ही गेली कित्येक वर्षे त्याच वाटेवर आहे. ‘भावना दुखावणाऱ्या जाहिरातीवर कारवाई करा’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचले आहे, की त्याचा खडा लागेनासा झाला आहे. नीट वाचले तर ‘दुखावणारी’ असते ती भावना, आणि जाहिरात असते ‘दुखवणारी’.

घोटाळा होतो तो भूतकाळामुळे. ‘जाहिरातीने भावना दुखवल्या’ आणि ‘जाहिरातीने भावना दुखावल्या’ या दोन वाक्यांत एका कान्याचा फरक आहे. पहिल्यातला ‘ने’ कर्त्याचा, दुसऱ्यातला कारणाचा. ‘वाऱ्याने दार उघडले’ म्हणताना हा भेद जसा कुणाच्या लक्षात येत नाही, तसा इथेही येत नाही. वर्तमानकाळात घालून बघा. ‘ही जाहिरात भावना दुखवते’ ठीक वाटते. ‘या जाहिरातीमुळे भावना दुखावतात’ हेही ठीक. ‘ही जाहिरात भावना दुखावते’ हे मात्र माझ्या कानाला अजून खटकते. तुमच्या कानाला खटकत नसेल तर भाषा तुमच्या बाजूने सरकली आहे, माझी तक्रार नाही.

पण निवेदन पोलीस स्थानकात जाणार आहे, म्हणून हा कानाफरक तिथे बघायलाच हवा. ज्या कलमाचा आधार अशा निवेदनांना असतो ते भारतीय दंड संहितेत १९२७ साली घातलेले २९५-अ. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक २९९ झाला. त्या कलमाचा सगळा भार ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ यावर आहे. सर्वोच्च न्यायालयानेही रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ साली ते कलम घटनात्मक ठरवताना हेच सांगितले, की बेसावधपणे, नकळत झालेला अपमान या कलमात येत नाही. म्हणजे कायद्याला ‘दुखवणे’ हवे असते. मोर्चाला ‘दुखावणे’ पुरते. एकात हेतू सिद्ध करावा लागतो, दुसऱ्यात दुखल्याचे सांगितले की झाले.

कंपन्यांनाही हे बरोबर कळलेले दिसते. २०२०च्या ऑक्टोबरात तनिष्कने मुसलमान सासरी होणाऱ्या हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाची जाहिरात मागे घेतली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात तर रांगच लागली. फॅबइंडियाने ‘जश्न-ए-रिवाज’ हे नाव वापरलेली जाहिरात काढून टाकली. (‘रीतिरिवाज’ आपण मराठीत बिनदिक्कत म्हणतो, पण दिवाळीच्या तोंडावर तोच रिवाज परका ठरला. नावाखेरीज मॉडेलच्या कपाळावर टिकली नाही म्हणूनही बोलणारे होते.) डाबरने करवा चौथची जाहिरात मागे घेतली. सब्यसाचीने मंगळसूत्राची जाहिरात मागे घेतली, तीही मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी चोवीस तासांची मुदत दिल्यावर. माफीचा सूर बहुतेक ठिकाणी एकच: आमच्याकडून नकळत झाले. म्हणजे तुम्ही दुखावलात हे मान्य, आम्ही दुखवले हे अमान्य. तुमच्या टाइपिस्टाचे ‘दुखावल्या गेल्या’ याच माफीपत्रांच्या मराठीतून आले आहे. ‘कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर दिलगीर आहोत’ हे वाक्य उलगडून बघा. क्रियापद आधीच बिनकर्त्याचे, त्यावर ‘गेल्या’ची दुसरी घडी, वर ‘असतील तर’. इतक्या घड्यांखाली माफी मागणाराच सापडत नाही.

गोव्यात कपड्यांवरून झालेले वाद नेहमी भावनांच्या भाषेतच बोलले गेले, असेही नाही. जुलै २०१४मध्ये तेव्हाचे सार्वजनिक बांधकाममंत्री सुदिन ढवळीकर यांनी किनाऱ्यावरच्या बिकिनीला आणि पबमधल्या तोकड्या स्कर्टला विरोध केला, तो संस्कृतीच्या नावाने. संस्कृती दुखावत नाही, ती धोक्यात येते. तिची क्रियापदे निराळी. मंदिरांबाहेरच्या आणि जुन्या गोव्यातल्या बासिलिकेतल्या पोशाखाच्या पाट्यांना यातले काहीच लागत नाही. काय घालून आत येऊ नये, एवढे त्या सांगतात. मागे जायचे तर १७३६ साली इन्क्विझिशनने (पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाने) ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांना पुडवे (धोतरासारखे वस्त्र) नेसायची आणि बायकांना चोळी घालायची मनाई केली, तेव्हाही कुणाच्या भावनांचा हवाला द्यावा लागला नव्हता. हुकूम सोडणारा ‘करू नका’ म्हणतो. ‘आम्ही दुखावलो’ ही अर्ज करणाऱ्याची भाषा. आता मंत्रीही ती बोलू लागले आहेत, हे मला त्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त चमत्कारिक वाटते.

दुसरा भाग ‘भावना’. घरच्या बोलीत आपण ‘मन दुखवले’, ‘जिव्हारी लागले’ म्हणतो. कोकणीत ‘मन दुखयलें’. मन एकेकाचे असते. ‘भावना’ अनेकवचनात आल्या की त्या समाजाच्या होतात आणि त्यांना प्रवक्ता लागतो. वैद्यांच्या मराठीत मात्र भावना ‘देतात’: चूर्ण आल्याच्या किंवा लिंबाच्या रसात भिजवून पुन्हापुन्हा घोटायचे, रस आत मुरेपर्यंत. फोनवर एकच चित्र दिवसभर फिरत राहिले की मला हा अर्थ जास्त जवळचा वाटतो.

तर मसुदा असा करा. दुकानदाराने मुद्दाम, डिवचण्यासाठी हे छापले असे तुम्हाला म्हणायचे असेल आणि ते दाखवून देता येणार असेल, तर ‘अमुक दुकानदाराने आमच्या धार्मिक भावना दुखवल्या’ असे कर्त्यासकट लिहा. तसे नसेल तर मास्तरांचे ‘दुखावल्या’ ठेवा, पण त्याखाली अटकेची मागणी शोभत नाही. दुकानदाराला बोलावून समज द्यावी इतपत मागा. ‘गेल्या’ खोडून टाका. ‘भावना तीव्र दुखावल्या’ असेही नको, ‘फार दुखावल्या’ पुरे. आणि खाली ‘समस्त ग्रामस्थ’ लिहिण्याऐवजी ज्यांनी ते टी-शर्ट खरोखर पाहिले आहेत त्यांच्याच सह्या घ्या.