जखम भरून येताना त्वचेच्या पेशी रक्तवाहिन्या कशा तयार करतात?

त्या स्वतः करत नाहीत, करवून घेतात. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मुळात रक्तवाहिनीच नसते. तिथल्या केराटिनोसाइट पेशी खालून झिरपणाऱ्या प्राणवायूवर जगतात. जखम झाली की खालच्या केशवाहिन्या तुटतात, प्राणवायू कमी पडतो आणि एरवी तयार होताच मोडीत निघणारं एचआयएफ हे प्रथिन पेशीत टिकून राहतं. (ही भानगड उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.) मग त्याच्या इशाऱ्यावर जखमेच्या कडेच्या पेशी व्हीईजीएफ सोडायला लागतात. वाहिन्यांना फुटवा आणणारं प्रथिन ते हेच.

आता खरं सांगतो, प्रश्न वाचून मला माझी नडगी आठवली.

गाडीवरून घसरलो होतो. तळहाताएवढी कातडी सोलवटून निघाली. ड्रेसिंगचा ताबा थोरल्या भावाने घेतला. रोज सकाळी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस आला की 'बघ, जंतू मरतायत' म्हणायचं आणि गॉजने खसाखसा पुसायचं. फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या एन्झाइममुळेही येतो, हे त्याला आजही पटत नाही. आठवड्याभराने जखमेच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढे लालबुंद, ओलसर दाणे दिसायला लागले. दादा म्हणाला, "हे कच्चं राहिलंय," आणि आणखी जोरात घासलं. भळाभळा रक्त आलं. हे रोज. तिसऱ्या आठवड्यात जखम होती तेवढीच. शेवटी दवाखान्यात गेलो, तर पट्टी सोडताच सिस्टर म्हणाल्या, "हे रोज कोण खरवडतंय?"

मी दादाकडे बघितलं. दादा पंख्याकडे.

तो लाल दाणा म्हणजे नव्या केशवाहिन्यांचा झुबकाच. व्हीईजीएफचा सुगावा लागला की जवळच्या शाबूत वाहिनीच्या अस्तरातली एक पेशी पुढारी होते, शेजारणींना नॉच नावाच्या संकेताने मागे ठेवते आणि बारीक तंतू चाचपडत पुढे सरकते. मागच्या पेशी दुभंगत कोंब लांबवतात. दोन कोंब भेटले, आत पोकळी झाली, की रक्त वाहायला लागतं. त्वचेच्या आतल्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी तोवर कोलॅजनचं जाळं विणत असतात, त्याच्या आधाराने हे सगळं चालतं. पण या कोवळ्या वाहिन्या गळक्या असतात. बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी मागाहून येतात. त्याआधी गॉजचा एक फटकारा बसला की रात्रभराचं काम साफ.

आणि ते 'हवा लागू दे, खपली धरू दे'? चूक. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने चढते. कोरड्या खपलीखालून पेशींना ओल शोधत वाट काढावी लागते. हे मी दादाला पाठवलं होतं. उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

हां, पहिल्या दिवशी माती-खडे स्वच्छ पाण्याने धुवायलाच हवेत, तेवढं दादाचं बरोबर होतं. काळं पडलेलं मेलेलं मांस डॉक्टर खरवडून काढतात, तेही योग्यच. पू, घाण वास किंवा ताप असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका. मधुमेहात तर प्राणवायू कमी पडल्याची ही हाकच क्षीण पडते आणि जखम अडून बसते, तिथे घरचे प्रयोग नकोतच. शिवाय व्हीईजीएफ फक्त त्वचेच्या पेशी सोडतात असंही नाही, जखमेत आलेल्या, जंतू नि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीही सोडतात. हे वरच लिहायला हवं होतं.

काम झालं की जादा वाहिन्या विरून जातात, म्हणून गुलाबी वण पुढे फिकट होत जातो. माझा आता जवळपास पांढरा आहे. दादा घरी आला की पाहुण्यांना तो दाखवतो आणि म्हणतो, "बघा, पेरॉक्साइडने किती स्वच्छ भरली."