ड्रायव्हिंग स्कूलने पूर्ण फी घेऊन सहाच दिवस शिकवलं, तर त्यांच्यावर कारवाई होते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या डिचोलीच्या स्कूलने सहा दिवस रोज अर्धा तास गाडी हातात दिली आणि वर सही-शिक्क्याचा फॉर्म 5, म्हणजे स्कूलमध्ये शिकल्याचा दाखला, दिला. तक्रार केली तर काही होईल का, आणि आपलंच लायसन अडकेल का, असं तुम्ही विचारलंय.

लायसनची भीती बाळगू नका. खाजगी कारच्या लायसनसाठी अर्ज करताना स्कूलमध्ये शिकला असाल तरच फॉर्म 5 जोडायचा असतो. टेस्ट तुम्हीच देणार आहात. फक्त हा फॉर्म जोडू नका, कारण न झालेल्या शिक्षणाचा तो दाखला आहे. पुढे तोच तुमच्या तक्रारीतला पुरावा होईल.

कारवाई होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 31 प्रमाणे कारचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं हवं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान 10 तासांचं. तुम्हाला मिळाले तीन तास. नियम 28 खाली लायसन देणारा अधिकारी स्कूलला आपली बाजू मांडायची संधी देतो आणि मग तिचं लायसन ठरावीक मुदतीसाठी निलंबित करतो किंवा कायमचं रद्द करतो. अभ्यासक्रम न पाळणं, गाड्या नीट न ठेवणं, ड्युअल कंट्रोल (शेजारच्या इन्स्ट्रक्टरलाही गाडी आवरता येण्याची सोय) नसणं, इन्स्ट्रक्टर पात्र नसणं, यातलं एक कारणही पुरतं. स्कूलला त्यावर 30 दिवसांत अपील करता येतं.

आता रजिस्टरबद्दल, कारण सगळं तिथेच ठरतं. मी फोंड्याला नऊ वर्षं इन्स्ट्रक्टर होतो. फॉर्म 14 मध्ये शिकणाऱ्यांची नोंद असते. फॉर्म 15 मध्ये कोणी कुठल्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली ते लिहायचं असतं आणि त्यापुढे इन्स्ट्रक्टरची आणि शिकणाऱ्याचीही सही लागते. आमचे मालक शनिवारी संध्याकाळी आठवड्याचं पान एका बैठकीत भरून घ्यायचे. पोरं घाईत असायची, दाखवाल तिथे सही करून जायची. मीही कित्येक महिने ती पानं भरली आहेत, आणि ते मला आजही सलतं. एकदा इन्स्पेक्टर आले. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि गाडीचं गॅरेजचं बिल मागितलं. क्लच प्लेट बदलायला गाडी चार दिवस गॅरेजमध्ये होती, आणि रजिस्टरात त्याच चार दिवसांत तीच गाडी रोज पाच तास पळत होती. त्यावर नोटीस निघाली, सुनावणी झाली, लायसन निलंबित झालं. नोटीस यायच्या आधीच मी काम सोडलं होतं.

म्हणून आधी आठवा, तुम्ही फॉर्म 15 वर किती ठिकाणी सही केली? भरभरून केली असेल तरी तक्रार द्या, पण त्यात ते स्पष्ट लिहा: कोणत्या दिवशी कोणाच्या सांगण्यावरून केली. लपवलंत तर स्कूलवाले तेच पान पुढे करतील. पैसे भरल्याची पावती, 'उद्या क्लास नाही' असे आलेले मेसेज, तुमच्या सहा दिवसांच्या तारखा जोडा. लायसन काढून द्यायची हमी दिली असेल तर तेही लिहा. सरळ मार्ग सोडून लायसन मिळवून देतो असं भासवणं नियम 27 प्रमाणे स्कूलला मना आहे. अर्ज तुमच्या तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात सहाय्यक संचालकांच्या नावे द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय हलू नका. पुढे काही कळलं नाही तर माहिती अधिकारात काय कारवाई झाली ते विचारा. उत्तराची मुदत 30 दिवस.

पैसे मात्र या वाटेने परत मिळत नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि तुमच्याएवढ्या रकमेला फी नाही.

1 जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे वेगळे नियम आले आहेत. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची टेस्टच माफ असते. अशा केंद्राने तास खाल्ले तर मध्ये अडवणारं कोणीच उरत नाही, म्हणून तिथली तक्रार तर कधीच सोडू नये.

तुमचं शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. तेवढ्यात पुढचे-मागचे एल बोर्ड लावून, पक्कं लायसन असलेल्या घरच्या कोणाला शेजारी बसवून, उरलेले सात तास पुरे करा. त्यातला एक तास पावसात चालवा, आणि शेवटी एकदा फेरीबोटीच्या चढावर गाडी हाफ क्लचवर थोपवून बघा. तिथे मागे न घसरता गाडी उभी राहिली की मगच टेस्टची तारीख घ्या.