बागेतला पालापाचोळा ओल्या कचऱ्यात टाकायचा की सुक्या?

प्रश्न: आमच्या सोसायटीत 80 फ्लॅट आणि वीसेक मोठी झाडं आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नियमांप्रमाणे कचऱ्याचे चार भाग करायचे आहेत. घंटागाडीवाला पाला ओल्यातही घेत नाही आणि सुक्यातही. सोसायटीच्या नियमावलीत काय बदल करावा? कमिटी म्हणते, चोवीस तासांत खत करणारं मशीन घेऊन टाकू.

उत्तर: कशातच टाकायचा नाही. गाडीवाल्याचं बरोबर आहे. आणि मशीनचं नाव काढलंत म्हणून हे लांबणार आहे.

चार भाग म्हणजे ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (बल्ब, औषधं, रंगाचे डबे, पाऱ्याचा थर्मामीटर). पाल्याचं 2016 च्या नियमांतच सांगून झालं होतं: आपल्याच आवारात वेगळा साठवा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी विल्हेवाट लावा. त्याला कारणही आहे. ओला कचरा बायोगॅस प्रकल्पात गेला तर पाल्यातला चिवट भाग तिथे पचत नाही. तो वर तरंगतो, त्याची साय धरते आणि पंप तुंबतात. सुक्यात टाकलात तर वेचणाऱ्या बाईला कागद आणि प्लॅस्टिक त्यातून उपसावं लागतं, आणि पाल्याला भंगारवाला काही देत नाही.

जाळायचा तर विषयच नको. डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. ‘माळ्याने जाळला, आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही.

आता कमिटीने न केलेला हिशोब. नव्या नियमांत मोठा कचरा निर्माता ठरायला तीन कसोट्या आहेत, त्यातली एक पुरते: 20,000 चौरस मीटर बांधकाम, दिवसाला 40,000 लिटर पाणी किंवा दिवसाला 100 किलो कचरा. 80 फ्लॅटचा कचरा बहुधा 100 किलोंच्या आत बसेल. पण घरटी चार माणसं आणि माणशी 135 लिटर धरलं तर पाणी होतं 43,200 लिटर. म्हणजे तुम्ही पाण्यावर अडकता, आणि ओला कचरा शक्य तिथवर आवारातच जिरवणं तुमच्यावर येतं. ओला निघेल रोजचा साधारण 40 किलो. तो नुसता कुजवला तर चिखल होतो. त्याला बरोबरीने कोरडं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे हाच पाला.

म्हणून मला त्या मशीनचा राग येतो. त्यात ओलावा शोषायला लाकडाचा भुसा घालावा लागतो, तो दर महिन्याला विकत, आणि फुकटचा पाला गेटबाहेर. वर चोवीस तासांनी जे निघतं ते खत नव्हे, वाळवलेला आणि दळलेला कचरा. पटत नसेल तर त्यातला मूठभर कुंडीत घालून पाणी द्या. तीन-चार दिवसांत बुरशी धरून वास मारायला लागेल. कुजण्याचं काम पुढेच ढकललेलं असतं, आणि विजेचं बिल मात्र आजचं.

त्याऐवजी वेल्डेड जाळी घ्या, चार फूट उंच, दहा फूट लांब. टोकं तारेने बांधली की सव्वातीन फूट व्यासाचं कडं तयार होतं. यापेक्षा लहान करू नका, ढीग तापत नाही. अशी चार कडी मोकळ्या मातीवर ठेवा, फरशीवर नाही. तळाला फूटभर काटक्या, म्हणजे खालून हवा खेळते. मग एक बादली ओला कचरा, एक बादली पाल्याचा चुरा, वरून शेणकाल्याचा शिंतोडा. दर थराला हेच, आणि सगळ्यात वर पाल्याचं चार बोटं पांघरूण.

पाला अख्खा टाकलात तर फसाल. आंबा, वड, रबर यांची पानं पत्रावळीसारखी एकावर एक बसतात, मध्ये हवा राहत नाही, आणि सहा महिन्यांनी उकरलं तर पान जसंच्या तसं. श्रेडरमधून (पाल्याचा चुरा करणाऱ्या यंत्रातून) काढा. गुलमोहराला आणि पर्जन्यवृक्षाला तेवढीही गरज नाही. नारळाची झावळी मात्र श्रेडरला देऊ नका, धागे पात्यांच्या दांड्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. झावळ्यांचे कोयत्याने तुकडे करा आणि काटक्यांच्या जागी तळाला घाला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर काम चालू आहे. थंड निघाली तर मूठभर माल पिळून बघा: एक-दोन थेंब यायला हवेत. काहीच आलं नाही तर पाणी मारा, धार लागली तर पाला वाढवा. नाकात झोंबणारा वास म्हणजे पाला कमी पडला, सडक्या अंड्याचा म्हणजे पाणी जास्त होऊन हवा कोंडली. आळ्या दिसल्या म्हणून मीटिंग बोलावू नका, त्या कचरा खातात आणि कोणाला चावत नाहीत. पंधरवड्याने ढीग दाताळ्याने दुसऱ्या कड्यात उलटा. अडीच महिन्यांनी चाळा. चाळणीवर उरलेला जाडा माल फेकू नका, पुढच्या ढिगाला तेच विरजण.

नियमावलीत काय लिहायचं? दोन वाक्यं पुरेत. ‘आवारातील पालापाचोळा घरच्या कचऱ्यात मिसळू नये, जाळू नये व आवाराबाहेर टाकू नये, तो कोरडा करून गोण्यांत साठवावा. फांद्यांची छाटणी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करू नये व छाटलेल्या फांद्यांची विल्हेवाट छाटणीच्या कंत्राटातच धरावी.’ दुसरं वाक्य विसरलात तर ठेकेदार फांद्या गेटपाशी टाकून जातो आणि नोटीस सोसायटीला येते.

हो, हे राहिलं. उपविधी प्रत्येक महापालिकेचे वेगळे आहेत, काही ठिकाणी पाल्याची वेगळी गाडी ठरलेल्या वारी येते. वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य निरीक्षकाला आधी विचारा. आणि जागा अजिबात नसेल, म्हणजे चारी बाजूंनी पार्किंगच असेल, तर मशीनचा विचार करायला माझी ना नाही. पण तुमच्याकडे वीस झाडं आहेत.

पाला पडतो मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणून पावसाळ्याचा साठा त्याच दिवसांत करून ठेवा. गोण्या पत्र्याखाली, विटांवर ठेवा. जूनमध्ये कोरडा चुरा संपला की पहिल्याच आठवड्यात वास सुटेल आणि कमिटी परत मशीनवाल्याला फोन लावेल.