ती ‘नाही’ म्हणतेय ते नेमकं कशाला?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका कंपनीला तिची चित्रं जाहिरातीसाठी हवी आहेत आणि ती चित्र काढत असतानाचे व्हिडिओही. ती तयार नाही. धाकट्या भावाने सहज मोबाइल धरला, तर तिने ओलं चित्र भिंतीकडे फिरवून ठेवलं आणि खोलीबाहेर गेली. ‘असं वागून ती पोट कसं भरणार?’ असं तुम्ही विचारलंय.

काळजी रास्त आहे. पण तिच्या वागण्याला लगेच हट्ट म्हणू नका. अर्धवट चित्रावर कुणी नुसतं ‘वा!’ म्हटलं तरी हात अडखळतो. पुढचा फटकारा मग त्या ‘वा!’साठी मारला जातो. हे तिला इतक्या लवकर उमगलंय, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

मात्र तिला एक विचारा, रागाने नव्हे. नकार कशाला आहे? चित्र लोकांनी पाहायला, ते एखाद्या मालाच्या खोक्यावर छापायला, की स्वतःचा चेहरा दाखवायला? कॉलेजच्या प्रदर्शनात तिने आपणहून चित्रं लावली होती, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे लोकांनी चित्रं पाहायला तिची हरकत नसावी.

‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’चे चित्रकार बिल वॉटरसन यांचं उदाहरण तिला सांगा. १९८५ ते १९९५ ही चित्रमालिका वर्तमानपत्रांत गाजत होती, पण त्या पात्रांची खेळणी आणि टी-शर्ट काढायला ते राजी नव्हते. अडचण अशी की, सुरुवातीच्या करारात ते हक्क वितरक संस्थेकडे गेले होते. स्वतःच्याच पात्रांसाठी त्यांना काही वर्षं झगडून करार बदलून घ्यावा लागला.

म्हणून हो-नाही सांगण्याआधी कराराचा मसुदा मागवा. कंपनीला हक्क कायमचे हवेत की ठरावीक मुदतीसाठी वापराची परवानगी? कुठल्या माध्यमात? चित्र कापायची, रंग बदलायची मुभा त्यांना आहे का? तिचं नाव येणार का? व्हिडिओची अट काढायला सांगा. पुष्कळदा असल्या अटी कुणी हरकत घेत नाही म्हणूनच राहून जातात. मसुदा वकिलाला दाखवाच.

नकाराने काही कामं हातची जातील, हे तिलाही ठाऊक असू द्या. पुस्तकांची किंवा शास्त्रीय विषयांची चित्रं काढणं, जुन्या चित्रांचं जतन, अध्यापन या वाटांवर रोज कॅमेऱ्यासमोर यावं लागत नाही.

आणि चित्रं लोकांपर्यंत नेण्याचं काम तिनेच करायला हवं असं कुठाय? डच चित्रकार व्हॅन गॉग १८९० मध्ये गेले, सहा महिन्यांत भाऊ थिओही गेला. थिओची पत्नी योहाना हिने तान्ह्या मुलाला सांभाळत ती शेकडो चित्रं जपली, प्रदर्शनांना पाठवली, विचार करून थोडी थोडी विकली, १९१४ मध्ये भावांची पत्रं छापून आणली. तुमच्या घरी हे चित्रकर्ती हयात असताना होऊ शकतं. तिची परवानगी घेऊन एक वही करा: चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष, सध्या कुठे आहे. पूर्ण झालेल्यांतली बारा-पंधरा तिला निवडू द्या, त्यांचे दिवसाच्या उजेडात नीट फोटो काढा. भिंतीकडे फिरवलेल्या चित्राला मात्र हात लावू नका.

मसुदा आला की पाठवा. सोबत तिने स्वतः चार ओळी लिहिल्या तर जास्त बरं.